पुण्याजवळ दिवसभराची शांत पायपीट: झेंडेवाडी ते सासवड, मल्हारगडावरून आरपार

प्रश्न थोडक्यात असा आहे: हडपसरला नवीनच राहायला आलोय, गाडी नाही, सोबत बासष्ट वर्षांची आई आणि दहा वर्षांची मुलगी, दोघींना चालायची सवय आहे, रविवारी सिंहगडला गेलो तर पायथ्यालाच ट्रॅफिकमध्ये दीड तास गेला, लोहगडला पायऱ्यांवर अक्षरशः रांग होती, तर पुण्याच्या जवळ असं काही आहे का जिथे दिवसभर शेतांमधून, माळांवरून निवांत चालता येईल आणि संध्याकाळी बसने घरी येता येईल?

आहे, आणि तुम्ही हडपसरला राहता म्हणजे तुमच्या दाराशीच आहे. दिवे घाट चढून झेंडेवाडी फाट्याला उतरायचं, झेंडेवाडीतून खिंड चढून मल्हारगडावर जायचं, पलीकडच्या बाजूने सोनोरीत उतरायचं आणि सोनोरीतून चालत सासवड गाठायचं. सगळं मिळून साधारण चौदा-पंधरा किलोमीटर, चढ म्हणाल तर गावापासून जेमतेम सहाशे फुटांच्या आसपास, आणि निम्मं चालणं शिवारातलं. मी गेली बरीच वर्षं ग्रुप घेऊन डोंगरात जातो, आणि कोणी पहिल्यांदा घरच्यांना घेऊन जायचं म्हटलं की हाच रस्ता सांगतो.

आधी हे सांगतो की पुण्यातला माणूस चालायला निघाला की तो पश्चिमेलाच का जातो. मुळशी, ताम्हिणी, लोणावळा, सिंहगड, वेल्हे, सगळं पश्चिमेला, कारण तिकडे पाऊस आहे, धबधबे आहेत, फोटो हिरवेगार येतात. त्यात वावगं काहीच नाही, पण अख्खं शहर शनिवार-रविवारी त्याच चार रस्त्यांवर जातं, आणि मग शांतता शोधायला लोक अजून लांब, अजून अवघड जागी जायला लागतात, पाच तास गाडीत आणि तीन तास डोंगरात असा हिशोब होतो. पुरंदर तालुका पर्जन्यछायेत आहे, तिथे धुकं-धबधबा मिळत नाही, म्हणून तिकडे गर्दी वळत नाही. पण ज्याला चालायचंय, नुसतं बघून परत यायचं नाहीये, त्याला हा कोरडा, मोकळा, लांबवर दिसणारा मुलूख जास्त चांगला असं माझं ठाम मत आहे. वर आभाळ मोठं असतं, खाली ज्वारी, वाटाणा, अंजिराच्या बागा, सीताफळाच्या बागा, मधेच एखादी वस्ती, मेंढरांचा कळप, आणि रस्ता चुकलात तरी समोर डोंगर दिसत असतो त्यामुळे दिशा हरवत नाही.

दुसरी गोष्ट, जी माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची: आरपार चाला. आपल्याकडे ट्रेक म्हणजे गडाच्या पायथ्याला गाडी लावायची, वर जायचं, फोटो काढायचे आणि त्याच वाटेने खाली यायचं अशी सवय झालीये. त्यात गाव फक्त पार्किंगपुरतं उरतं. एका गावात उतरून दुसऱ्या गावात बाहेर पडलं की मधला सगळा मुलूख बघायला मिळतो, गड हा त्या दिवसाचा मधला मुक्काम होतो, शेवट नाही. आणि तुमच्याकडे गाडी नाहीये हे इथे उलट फायद्याचं आहे, कारण गाडी असली की परत तिच्यापाशीच यावं लागतं.

आता तपशील. हडपसर गाडीतळावरून सासवड-जेजुरीच्या दिशेला जाणाऱ्या बस मिळतात, स्वारगेटहून सासवडला जाणारी एसटीही याच रस्त्याने येते. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा की घाट संपल्यावर झेंडेवाडी फाट्याला उतरायचंय. सकाळी जितकी लवकरची बस मिळेल तितकी घ्या, सातच्या आत फाट्यावर पाय टेकले तर दिवस तुमचा. पालखी मार्गाच्या रुंदीकरणाच्या कामामुळे घाटात कधी कधी खोळंबा होतो, ते धरून निघा. घाटात शिरण्याआधी वडकीला पायथ्याला मस्तानी तलाव आहे, घाट चढताना खिडकीतून खाली दिसतो, मुलीला दाखवा. पाऊस झालेला असेल तर भरलेला असतो, नाहीतर तळ दिसतो.

फाट्यापासून झेंडेवाडी गाव साधारण दोन किलोमीटर. डांबरी रस्ताच आहे पण सकाळी त्यावर दुधाच्या कॅनवाल्या मोटरसायकली आणि एखादा टेम्पो याशिवाय फारसं काही नसतं. गावात पोचलात की समोरच्या डोंगरात खिंड दिसते, तिकडेच जायचं. गावातल्या कुणालाही "गडाची वाट कुठून?" एवढं विचारा, हात करून दाखवतील. मोबाईलवरचे मॅप बघत बसू नका, त्यात बऱ्याचदा कुणाच्या तरी बागेतून गेलेली ट्रॅक्टरची वाटसुद्धा रस्ता म्हणून दाखवतात, आणि तुम्ही मग कुणाच्या गोठ्याच्या मागे जाऊन उभे राहता. गावातली माणसं रोज ज्या वाटेने गुरं नेतात ती वाट बरोबर असते, ती कड्यावर नेऊन सोडत नाही, चढही बेताचा ठेवते.

गाव सोडलं की शेतं सुरू होतात, आणि इथे चालायची एक पद्धत आहे ती मुलीलाही सांगून ठेवा. बांधावरून चालायचं, पिकातून नाही. बांध अरुंद असेल तर एकामागे एक. शेतात काळ्या बारीक नळ्या पसरलेल्या दिसतील, त्या ठिबकच्या. त्यावर पाय पडला की नळी दबते, ड्रिपरपाशी चीर जाते, आणि त्या ओळीतल्या पुढच्या झाडांना पाणी कमी पडतं, शेतकऱ्याला ते दोन दिवसांनी पानं सुकल्यावर कळतं. नळी ओलांडायची असेल तर पाय उचलून पलीकडे टाका. बऱ्याच बागांना रानडुकरांसाठी तारेचं कुंपण असतं आणि त्यात झटका मशीनचा करंट सोडलेला असतो, बोर्ड असेलच असं नाही, तेव्हा कुठल्याही बारीक तारेला हात लावायचा नाही हा नियमच करून टाका. फळ तोडायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पण मालक समोर असला आणि तुम्ही दोन शब्द बोललात तर तो स्वतःच हातावर ठेवतो, तेव्हा नको म्हणू नका.

आणि शेततळं. हे मी प्रत्येकाला थांबवून सांगतो. डोंगराच्या उतारावर चौकोनी खड्डा, आत काळं प्लास्टिक अंथरलेलं, निळं-हिरवं संथ पाणी, लहान मुलांना बघताक्षणी जवळ जावंसं वाटतं, मोठ्यांनाही पाय बुडवावेसे वाटतात. त्या प्लास्टिकवर शेवाळं धरतं, उतार सगळीकडून तिरका असतो, एकदा पाय घसरला की धरायला काहीही नसतं, चांगलं पोहता येणारा माणूससुद्धा त्या प्लास्टिकवरून बाहेर येऊ शकत नाही. गावागावात यात माणसं गेली आहेत, आणि एकाला वाचवायला दुसरा उतरला म्हणून दोघं गेली आहेत. तेव्हा शेततळ्याच्या भरावावर चढायचंच नाही. लांबून बघा, पुढे चला.

शेतं संपली की मुरमाड चढ लागतो. दोन्ही बाजूला घायपात, बोरी, बाभळी, कुठे कुठे निवडुंग, बाकी सगळं गवत. ऑक्टोबरपर्यंत हे गवत कमरेपर्यंत हिरवं असतं आणि वाऱ्याने एका बाजूला झुकतं, नोव्हेंबर सरता सरता पिवळं पडतं आणि मग त्याची कुसळं सुरू होतात. कुसळ म्हणजे गवताच्या बीचं टोक, सुईसारखं, पण त्याला उलटे केस असतात त्यामुळे मोज्यात शिरलं की आत आतच जातं, ओढून काढायला गेलं तर तुटतं. जाड मोजे घालू नका, त्यात जास्त अडकतात, पातळ गुळगुळीत कापडाची फुल पँट घाला आणि पँटचा काठ मोज्यात खोचायच्या ऐवजी बुटावरून बाहेर सोडा. खिंडीत पोचल्यावर पाच मिनिटं बसून कुसळं काढून टाका, उतरेपर्यंत ठेवली तर घोट्याला चांगली टोचतात.

खिंडीत वारा असतो आणि पहिल्यांदा गडाची तटबंदी समोर दिसते. इथून गडापर्यंत फार वेळ लागत नाही. झेंडेवाडीकडून येणारी वाट तुम्हाला तटाच्या चोरदरवाज्याकडे नेते, लहान दरवाजा आहे, झुकून आत शिरायचं. माझ्या अनुभवाने मुलांना हाच प्रवेश जास्त आवडतो, आणि मोठ्या महादरवाज्यातून बाहेर पडायचं म्हणजे गडाची दोन्ही तोंडं बघून होतात.

गड छोटा आहे, पाच एकरांच्या आतबाहेर. पण याची गंमत अशी की हा महाराष्ट्रात सगळ्यात शेवटी बांधलेला डोंगरी किल्ला म्हणून ओळखला जातो. 1757 ते 1760 या काळात पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख असलेल्या पानसे सरदारांनी, भिवराव पानशांनी, तो बांधला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळातले गड बघून जी कल्पना डोक्यात असते ती इथे बदलावी लागते: प्रचंड कडे नाहीत, सात दरवाजे नाहीत. हा बांधला तो घाटावर नजर ठेवायला. एका बाजूला दिवे घाट, दुसऱ्या बाजूला शिंदवणे घाट, पुण्याकडून सासवड-जेजुरीकडे जायच्या वाटा या, आणि दोन्हींच्या मधे हा डोंगर. तटावर उभं राहून ही जागा का निवडली हे मुलीला विचारा, दोन मिनिटांत तीच उत्तर देईल, कारण दोन्हीकडचा मुलूख तळहातावर दिसतो.

वर मधोमध चौकोनी तटाचा बालेकिल्ला आहे आणि त्यात दोन मंदिरं, एक खंडोबाचं, एक महादेवाचं. बाहेर तळं आहे, विहीर आहे, पण या पाण्यावर अवलंबून राहू नका, उन्हाळ्यात तर काही नसतं आणि असलं तरी पिण्यासारखं नसतं. बालेकिल्ल्याच्या तटाची सावली दहा-साडेदहापर्यंत मिळते, तिथे बसून डबा खा. दक्षिणेकडे बघितलं की पुरंदर आणि त्याला चिकटून वज्रगड ही जोडी ओळखू येते, आग्नेयेला जेजुरीकडचा भाग, पश्चिमेला हवा स्वच्छ असेल तर सिंहगडाचा टॉवर. हे सगळं भुलेश्वर रांगेतलं, वेल्ह्याकडून सह्याद्रीपासून फुटून पूर्वेकडे आलेली ही रांग, सिंहगड, पुरंदर, वज्रगड, मल्हारगड हे सगळे तिच्यावरच बसलेत. आणि वायव्येला मागे वळलात तर पुणे, त्याच्यावरचा धुरकट थर, उंच इमारती. ते बघताना मला दर वेळी बरं आणि वाईट दोन्ही वाटतं, बरं यासाठी की इतक्या जवळ असून इथे एवढी शांतता टिकून आहे, वाईट यासाठी की ते शहर दर वर्षी थोडं पुढे सरकलेलं दिसतं. घाटाच्या वर प्लॉटिंगचे बोर्ड आता खिंडीच्या अलीकडेपर्यंत आलेत. खाली याच तालुक्यात पारगाव, खानवडी, वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी या सात गावांची जमीन विमानतळासाठी ठरलेली आहे, त्यातल्या खानवडीत महात्मा फुल्यांचे पूर्वज येऊन राहिले होते. तुम्ही ज्या प्रकारच्या अंजीर-सीताफळाच्या बागांमधून चालत आलात तशाच बागा त्या गावांमध्ये आहेत. म्हणून मी लोकांना सांगतो की लांबचे ट्रेक पुढेही होतील, पुरंदरचं हे शिवार आत्ता चालून घ्या.

या डोंगरांमध्ये उमाजी नाईकांचाही वावर होता. ते याच तालुक्यातल्या भिवडीचे, कंपनी सरकारविरुद्ध उठाव केला, 1832 साली पुण्यात त्यांना फाशी दिलं. गावात म्हाताऱ्या माणसांशी बोललात तर नाव निघतंच, आणि ते ज्या आदराने निघतं ते ऐकण्यासारखं असतं.

उतरायचं महादरवाज्यातून, सोनोरीच्या बाजूने. दरवाजाची कमान चांगल्या अवस्थेत आहे. उतार अवघड नाही पण मुरूम सुटा आहे, बारीक गोल खडे, आणि गुडघ्यांना त्रास असलेल्या माणसाला चढापेक्षा हा उतार जास्त जाणवतो. आईंच्या हातात काठी द्या, विकतचीच पाहिजे असं नाही, छत्रीची सुद्धा चालते. पाऊल सपाट टाकायचं, टाच आधी आपटायची नाही, आणि वाट तिरकी असेल तर अंगाची बाजू डोंगराकडे ठेवून उतरायचं. मुलं पळत सुटतात, तेवढं मात्र करू देऊ नका, या मुरमावर थांबता येत नाही.

खाली वस्त्या लागतात आणि मग सोनोरी. या गावासाठी तासभर राखून ठेवाच, बरेच लोक गड करतात आणि गावातून नुसते निघून जातात ते मला फार खटकतं. ज्या पानशांनी वरचा गड बांधला त्यांची गढी इथे गावात आहे, बुरुजांसकट, आणि आत लक्ष्मी-नारायणाचं मंदिर आहे. गावात मुरलीधराचं मंदिर आहे, काळ्या पाषाणातली मूर्ती इतकी रेखीव आहे की एवढ्याशा गावात अशी मूर्ती बघून माणूस थबकतो. दुपारी मंदिर बंद असेल तर शेजारी विचारा, पण दुपारी एक ते तीन लोक जेवून जरा आडवे झालेले असतात, त्या वेळात दार वाजवू नका, पारावर थांबा. गढी बघताना आवाज कमी ठेवा, भिंतींवर चढू नका, जुनी माती-दगडाची बांधणी आहे, वरचा एक दगड सुटला की पुढच्या पावसात त्याच्याबरोबर हातभर भिंत येते.

गावात पाणी मागितलं तर कुणीही देतं. पण पुरंदरमध्ये उन्हाळ्यात टँकर लागतात हे लक्षात ठेवा, मार्चनंतर कुणाच्या दारात चार बाटल्या भरून मागणं बरं दिसत नाही, प्यायला तांब्याभर घ्या, बाटल्या घरून भरून आणा. माणशी तीन लिटर. थंडीच्या दिवसात दोन-अडीचमध्ये भागतं, पण मुलीचं पाणी वेगळं मोजा, तिच्या बाटलीतून मोठ्यांनी प्यायचं नाही. सोबत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी एका बाटलीत, आणि खायला तीळ-शेंगदाण्याची चिक्की, दशम्या, कोरडी चटणी असं न आंबणारं. भाताचा डबा उन्हात नको.

सोनोरी ते सासवड साधारण सहा किलोमीटर. एसटी आहे पण दिवसातून मोजक्याच वेळा, तिच्या भरवशावर बसू नका, वेळ गावात विचारून घ्या. आई दमल्या असतील तर इथेच थांबायचं, सासवडकडे जाणारी जीप, रिक्षा, नाहीतर एखाद्या शेतकऱ्याचा टेम्पो मिळून जातो, आणि त्यात काही कमीपणा नाही, गड करून सोनोरी बघितली म्हणजे सगळ्यात चांगला भाग होऊन गेलेला असतो. पण तीनच्या पुढे ऊन कलल्यावर हा सहा किलोमीटरचा सपाट रस्ता चालायला फार छान आहे. दोन्ही बाजूला शेतं, तारांवर वेडा राघू आणि खाटीक, माळावर टिटव्या ओरडत असतात, आणि कापशी घार एका जागी पंख फडफडवत हवेत थांबलेली दिसली तर तुम्हीही थांबा, ती खाली उंदीर किंवा टोळ हेरत असते आणि मिनिटभरात सरळ खाली उतरते. मुलीसाठी एखादी साधी दुर्बीण असली तर दिवसाचं सार्थक होतं.

माळावर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांचे तळ, बसलेले असतील, विशेषतः दिवाळीनंतर. मेंढरांभोवती कुत्री असतात आणि ती राखणीचीच असतात, तुमच्यावर भुंकत येणारच. पळू नका, दगड उचलू नका. जागेवर उभं राहायचं, मुलीला मधे घ्यायचं, आणि लांबूनच "ओ पाव्हणं, कुत्री बोलवा" म्हणून हाक मारायची. ती माणसं लगेच कुत्री आवरतात. कळपातून मधून जायचं नाही, वळसा घालून जा, कोकरं बावरतात. या गवताळ माळांवर लांडगे आहेत, सासवड-जेजुरी पट्ट्यात त्यांचा वावर अजून टिकून आहे, म्हणून ती कुत्री एवढी जागी असतात. दिवसा तुम्हाला लांडगा दिसण्याची शक्यता अगदी थोडी, घाबरण्यासारखं काही नाही, पण अंधार पडायच्या आत सासवडला पोचा.

सासवडला आलात की स्टँडवर जायच्या आधी कऱ्हा नदीच्या काठाला जा. कऱ्हा आणि चांबळी यांच्या संगमावर संगमेश्वराचं दगडी मंदिर आहे, घाटाच्या पायऱ्या रुंद आहेत, दिवसभर चाललेले पाय घेऊन बसायला त्याच्यासारखी जागा नाही. नदीला पाणी बहुतेक वेळा कमीच असतं. अंगात अजून दम असेल तर चांगावटेश्वराचं मंदिर तिथून फार लांब नाही, आणि सोपानदेवांची समाधी तर सासवडला आलेल्या कुणीही चुकवू नये, ज्ञानेश्वरांचे धाकटे भाऊ, 1296 साली इथेच समाधी घेतली. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ 1720 मध्ये सासवडलाच वारले. पण हे सगळं एका दिवसात कोंबू नका, एक संगम पुरे, बाकी परत कधीतरी नुसत्या सासवडसाठी या. जेवण सासवडला करा, भाकरी-पिठलं, मिसळ, सगळं मिळतं. हडपसरकडे परत जाणाऱ्या बस संध्याकाळी मिळतात, तरी सहाच्या आत स्टँडवर असावं असं मी सांगेन, रविवारी जेजुरीहून परतणाऱ्या लोकांनी गाड्या भरून येतात.

आता केव्हा जायचं. माझी पहिली पसंती सप्टेंबर ते मध्य डिसेंबर. सप्टेंबरमध्ये वाटाण्याची तोडणी चालू असते, सगळीकडे पोती भरत असतात, आणि सीताफळ ऑक्टोबरपर्यंत असतं. सासवडच्या बाजारात टोपल्यांनी सीताफळं असतात, येताना घेऊन या पण दोन दिवसांनी पिकतील अशी, डोळे उघडलेली पण घट्ट, पिकलेली घेतली तर बसमध्ये पिशवीत लगदा होईल. अंजिराचे दोन बहार, खट्टा बहार थंडीत येतो आणि मीठा बहार त्यानंतर उन्हाळ्यात, गोडी मीठ्याला जास्त. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, आणि बांधावरून घेतलेलं ताजं अंजीर खाल्लं की बाजारातलं सुकं अंजीर म्हणजे वेगळीच वस्तू वाटते. जानेवारीत हुरडा. मार्च ते मे मात्र नको, सावली नाही, दगड तापतात, आईंच्या वयाला हे ऊन सोसणार नाही. जून-जुलैत इथे पाऊस लोणावळ्याइतका कोसळत नाही त्यामुळे जाता येतं, फक्त खिंडीतला मुरूम निसरडा असतो आणि शेतातल्या काळ्या मातीत बूट किलोभर जड होतात. आषाढात माऊलींची पालखी दिवे घाटातून सासवडला येते, त्या दिवशी घाट वाहनांना बंद असतो. पालखी बघायची असेल तर तो दिवस त्यासाठीच ठेवा, त्यात गड घालू नका.

साप-विंचवाचं विचारलं नाहीत पण सांगतो. या खडकाळ कोरड्या डोंगरात फुरसं असतं, लहान, मातकट रंगाचं, दगडाखाली. दगड उलटायचा नाही, तटाच्या भगदाडात हात घालायचा नाही, बसायच्या आधी काठीने जागा वाजवायची, एवढं पाळलं तर पुरतं. चावलाच तर चिरा देणं, दोरीने आवळणं, चोखणं असलं काही करायचं नाही, अंगठी-कडं काढायचं, पाय हलवू द्यायचा नाही, 108 ला फोन करायचा आणि उचलून सासवडला सरकारी दवाखान्यात न्यायचं. मधमाश्यांचं पोळं दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नाही, गुपचूप लांबून निघून जा. आणि वाळलेल्या गवतात चूल, सिगारेट, काहीच नको, नोव्हेंबरनंतर एका ठिणगीने अख्खा डोंगर जळतो, धनगरांचा वर्षाचा चारा जातो आणि जमिनीवर घरटी करणारे चंडोल-टिटव्या त्यातच मरतात.

तुमच्या तिघांसाठी वेळेचा अंदाज असा धरा: सातला फाटा, साडेसातला गाव, साडेनऊ-दहाला गडावर, अकराला उतरायला सुरुवात, बाराच्या सुमाराला सोनोरी, आधी गढी, मग झाडाखाली जेवण आणि तीनपर्यंत आराम, मंदिर उघडलं की दर्शन, मग पाचच्या आसपास सासवड. यात आईंसाठी जास्तीचा तास धरलेला आहे. गडावर पोचायला साडेअकरा वाजले तर ठरवूनच टाका की सोनोरीतून पुढे गाडीने जायचं, पुढचं चालणं उन्हात ओढू नका. शक्य असेल तर रविवार सोडून शनिवारी किंवा सुट्टी काढून मधल्या वारी जा, गडावर तुमच्याशिवाय एखादा गुराखी असेल, तोही बहुतेक तुमच्या डब्यातली चटणी चाखायला येईल, त्याला द्या आणि खाली उतरायची जवळची वाट कुठली ते त्यालाच विचारा.